‘प्रिन्स’ पुन्हा खेळताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणीत माझं कॉम्प्युटर-प्रिंटर दुरुस्तीचं दुकान आहे. गेल्या उन्हाळ्यात काउंटरवरच्या लॅपटॉपवर ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा नव्वदीतला कॉम्प्युटर गेम टाकला आणि तेव्हापासून टोनर भरायला आलेला माणूस टोनर विसरून उभा राहतो. बहुतेक पस्तिशी-चाळिशीतले. प्रश्नही तेच तेच. तोंडी सांगून कंटाळलो, म्हणून लिहून काढलं.

नेमका कोणता प्रिन्स? तो वाळूवाला, वेळ मागं नेणारा?

नाही, तो २००३चा. हा त्याचा आजोबा. बाजूनं दिसणारा, पांढऱ्या कपड्यातला, तळघरात धावणारा. सुलतान लढाईवर गेलाय, वजीर जाफरनं गादी बळकावलीय आणि शहजादीला एका तासाची मुदत दिलीय: माझ्याशी लग्न कर, नाहीतर मर. आपण तळघरात कैदी. एवढीच गोष्ट. मराठवाड्यात वजीर, सुलतान, शहजादी हे शब्द कोणाला समजावून सांगावे लागले नाहीत, हा आपला फायदा.

नव्वदीतला म्हणता, पण नेटवर तर १९८९ दिसतं?

जॉर्डन मेकनर या अमेरिकन माणसानं तो ॲपल टू कॉम्प्युटरसाठी लिहिला आणि ब्रॉडरबंड कंपनीनं १९८९च्या ऑक्टोबरात बाजारात आणला. पण तोवर ॲपल टू म्हातारा झालेला, त्यामुळं गेम फारसा खपला नाही. १९९०मध्ये डॉसवाली, म्हणजे विंडोजच्या आधीच्या साध्या पीसीवर चालणारी आवृत्ती आली आणि मग तो जगभर गेला. आपण खेळलो तो हाच. आपल्याकडं पोचायला आणखी दहा-पंधरा वर्षं लागली, ती गोष्ट वेगळी. मी तो २००५ साली पहिल्यांदा पाहिला आणि मला तो नवाकोरा वाटला होता.

मारिओसारखाच ना?

जात एकच, स्वभाव वेगळा. टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेममधला मारिओ हवेत असतानाही वळवता येतो. प्रिन्सचा पाय एकदा जमिनीवरून सुटला की तुमच्या हातात काही राहत नाही. पळता पळता थांबवलात तर तो घसरत थांबतो, वळवलात तर आधी तोल सावरतो आणि मग वळतो. भरल्या बैलगाडीसारखं आहे, वळायचं तर आधीच ठरवावं लागतं. बटण दाबलं की लगेच काहीतरी व्हायला पाहिजे, ही मोबाइलनं लावलेली सवय घेऊन बसलात तर पहिली दहा मिनिटं नुसती चिडचिड होणार. ती होऊ द्या.

आज कशावर खेळायचा?

डॉसबॉक्स नावाचा फुकट प्रोग्राम आहे. तो नव्या विंडोजच्या पोटात जुना डॉस उभा करतो. इंटरनेट अर्काइव्हवर डॉसच्या जुन्या गेमचा मोठा साठा आहे, त्यातला प्रिन्स ब्राउझरमध्येच चालतो, काही उतरवून घ्यावं लागत नाही. तिसरा आणि माझ्या मते सगळ्यात चांगला रस्ता म्हणजे एसडीएलपॉप. चाहत्यांनी डॉसच्या आवृत्तीची एकेक कळ उलगडून तो पुन्हा लिहिलाय. हालचाल तीच, शिवाय एफ-सिक्स दाबलं की आहे त्या जागी सेव्ह आणि एफ-नाइन दाबलं की तिथूनच पुन्हा सुरू. शुद्धतावाद्यांना हे आवडणार नाही. मी शुद्धतावादी आहे, तरी वापरतो.

मोबाइलवर चालतो का?

चालतो, पण काचेवर शिफ्ट आणि बाण एकदम दाबणं म्हणजे हातमोजे घालून शेंगा सोलणं. ओटीजी (मोबाइलला यूएसबी जोडायची केबल) लावून साधा कीबोर्ड जोडा.

लढताना मध्येच एक चौकोन येतो आणि तेवढ्यात शिपाई मला मारतो. व्हायरस आहे का?

या प्रश्नानं मी दोन लॅपटॉप फुकट तपासलेत. व्हायरस नाही. तलवार शिफ्टनं चालते, आणि विंडोजमध्ये शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबलं की स्टिकी कीजचा चौकोन येतो. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, त्यात कीबोर्ड, तिथं स्टिकी कीज बंद करा. डॉसच्या काळात ही भानगडच नव्हती.

पहिल्याच शिपायाच्या पहिल्याच घावाला मरतो. काय चुकतंय?

तलवार घेतली का? नाही ना. सुरुवातीला आपण निःशस्त्र असतो आणि निःशस्त्र माणूस एका घावात जातो. आधी खाली उतरून तळघर पालथं घाला, एका कोपऱ्यात तलवार पडलेली असते. तिच्यापाशी उभं राहून शिफ्ट. लढताना शिफ्टनं वार, वरच्या बाणानं अडवायचं. खालचा बाण तलवार म्यान करतो. हा खालचा बाण लक्षात ठेवा, शेवटी कामाला येणार आहे.

साठ मिनिटं पुरतात का?

पुरतात. मला हे कळायला अठरा वर्षं लागली.

२००५-०६ला मी नववी-दहावीत होतो. आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये चपला बाहेर काढून, पडदा सारून आत जायचं. खिडकीच्या बाजूच्या तीन मशिनवर प्रिन्स होता. तासाला दहा रुपये. तेव्हा लोडशेडिंगचं वेळापत्रक पेपरात यायचं आणि लाइट मात्र स्वतःच्या वेळापत्रकानं जायची. गेली की आधी पंखा मंदावायचा, मग युपीएस टी-टी करायला लागायचा. त्या टीटीटीपासून मशिन बंद पडेपर्यंत जेमतेम चार-पाच मिनिटं. सर ओरडायचे, ‘बंद करा रे, शटडाउन करा!’ आणि आम्ही त्या चार मिनिटांत सहावी लेव्हल उरकायला बघायचो. पळायचो, खड्ड्यात पडायचो, पुन्हा पळायचो. बाजूचा म्हणायचा, ‘काय करायलास बे, नीट उडी मार की!’

मेलात तर लेव्हल पहिल्यापासून सुरू होते, पण घड्याळ मागं जात नाही, गेलेला वेळ गेलाच. दर पाच मिनिटांनी किती वेळ उरला ते खाली झळकतं, स्पेस दाबूनही बघता येतं. यामुळं आमची पक्की समजूत झाली की हा पळण्याचा गेम आहे. आता दुकानात इन्व्हर्टर आहे, लॅपटॉपला बॅटरी आहे, मागं कोणी ओरडत नाही. सावकाश खेळलो, तर गेम संपताना अकरा मिनिटं शिल्लक होती. सराईत खेळाडू तर पूर्ण गेम वीस मिनिटांच्या आत उरकतात. गेमनं आम्हाला कधी पळवलं नव्हतं. पळवत होता तो युपीएस.

सेव्ह होतो का?

होतो! कंट्रोल-जी. डॉसच्या मूळ आवृत्तीतच आहे, तिसऱ्या लेव्हलपासून पुढं चालतं. कंट्रोल-एलनं सेव्ह केलेला खेळ परत येतो, मात्र चालू लेव्हलच्या सुरुवातीपासून. कंट्रोल-ए म्हणजे हीच लेव्हल पुन्हा.

आम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या सरांना माहीत असावं असा मला दाट संशय आहे. सेव्ह करता आलं असतं तर पोरांनी दहा रुपयांत तीन दिवस काढले असते.

पहिल्या लेव्हलनंतर नुसत्या बाटल्या आणि अक्षरं येतात, ते काय?

चोरीला आळा. खोक्यात गेमबरोबर एक पुस्तिका यायची. अमुक पानावरच्या अमुक ओळीतल्या अमुक शब्दाचं पहिलं अक्षर शोधायचं आणि त्या अक्षराची बाटली प्यायची. चुकलात की आयुष्य घटतं. आमच्या क्लासमधल्या कॉपीचं कुलूप कोणीतरी आधीच तोडलेलं होतं, त्यामुळं कुठलीही बाटली चालायची. ते माहीत नसल्यानं तिथं एक आख्खा कुळाचार तयार झाला होता. डावीकडून तिसरीच प्यायची. मधली प्यायला की पुढं लाइट जाते, अशी एकाची ठाम श्रद्धा होती.

बाकीच्या बाटल्यांचं काय?

लाल बुडबुडे प्या. निळे पिऊ नका. मोठी लाल बाटली दिसली तर वाट वाकडी करून प्या, तिनं पडद्याखाली दिसणारा आयुष्याचा एक त्रिकोण कायमचा वाढतो. हिरवी वेगळीच: सातव्या लेव्हलमध्ये ती पिऊन उडी टाकली की माणूस सावरीच्या कापसासारखा खाली येतो. नवव्यात एक बाटली पडदाच उलटा करते. वर पाय, खाली डोकं. बिघाड समजून मॉनिटरला थापट्या मारणारे आम्हीच.

तिसऱ्या लेव्हलचा हाडांचा सापळा मरतच नाही.

मरणार नाही. मेलेल्याला काय मारता? मागं रेटत न्या आणि कडेवरून खाली ढकला.

हलत्या फरश्या, भाले, कैच्या. हे पार कसं करायचं?

इथं जरा थांबतो, कारण सगळा गेम याच प्रश्नात आहे.

शिफ्ट दाबून ठेवून बाण दाबला की प्रिन्स एकेक पाऊल जपून टाकतो. कडेला आला की थबकतो आणि पाय पुढं करून चाचपतो. जमिनीतून वर येणाऱ्या भाल्यांमध्ये पळत गेलात किंवा उडी टाकलीत की संपलात, पण जपून चालत गेलात तर ते भाले काहीच करत नाहीत. तुम्ही त्यांच्यामधून निघून जाता. उघडझाप करणाऱ्या लोखंडी जबड्याला आम्ही कैची म्हणायचो. तिथं कडेला उभं राहून दोन-तीन वेळा ताल ऐकायचा आणि मग एकच पाऊल. डुगडुगणारी फरशी घरच्या मोकळ्या झालेल्या शहाबादीसारखी आधी वाजते, मग पडते. ती मुद्दाम पाडायची, बऱ्याचदा वरच्या पडलेल्या फरशीतूनच पुढची वाट असते. एक मजला उंचीवरून पडलात तर काही नाही, दोन मजले पडलात तर एक त्रिकोण जातो, तीन मजले म्हणजे राम. पडता पडता शिफ्ट दाबून ठेवलंत तर कड हातात येते.

आठवीत आमची सहल देवगिरीला गेली होती, म्हणजे दौलताबादला. ज्यांनी किल्ला पाहिलाय त्यांना अंधारी माहीत आहे: खंदकावरून आत गेलं की डोंगराच्या पोटातून वर चढणारा वळणावळणाचा अंधारा बोगदा. भर दुपारी हात दिसत नाही आणि वर वटवाघळांचा वास. मध्ये एका ठिकाणी उजेड दिसतो आणि बाहेरची वाट वाटते. शत्रू उजेडाकडं धावायचा आणि थेट खंदकात पडायचा, असं गाईड मशाल हलवत सांगत होता. मग त्यानं मशाल आड धरली. आमचे सर अंधारातून म्हणाले, ‘भिंतीला हात लावा, पाय घासत चला, कोणी पळायचं नाही.’ एकजण पळालाच. पुढच्या पायरीवर गुडघा फोडून घेतला, आणि किल्ल्याच्या माथ्यापर्यंत आम्ही त्याला आळीपाळीनं आधार देत नेला.

प्रिन्स पुन्हा खेळताना चौथ्या-पाचव्या दिवशी मला सरांचं ते वाक्य आठवलं. शिफ्ट आणि बाण म्हणजे तेच: पाय घासत चला. ज्यानं अंधारी बांधली आणि ज्यानं हा गेम बांधला, दोघांनी पळणाऱ्या माणसाचा एकाच पद्धतीनं अभ्यास केलाय.

त्याची चाल इतकी खरी कशी वाटते?

कारण ती खऱ्या माणसाची आहे. मेकनरनं १९८५मध्ये धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून एका पार्किंगमध्ये पळायला, उड्या मारायला, लोंबकळायला लावलं आणि त्याचं व्हिडिओ चित्रण केलं. मग टीव्हीच्या पडद्यावरची एकेक चौकट फोटोत घेतली, काळ्या मार्करनं आणि पांढऱ्या करेक्शन-शाईनं आकृती ठळक केली आणि ती कॉम्प्युटरमध्ये उतरवली. तलवारबाजी भावाकडून कुठली होणार? ती त्यानं १९३८च्या रॉबिन हूडच्या चित्रपटातल्या एरॉल फ्लिन आणि बॅझिल रॅथबोन यांच्या लढतीवरून घेतली. संगीत त्याच्या वडिलांचं, फ्रान्सिस मेकनर यांचं. म्हणजे घरचंच कार्य होतं म्हणायचं.

आरशातून निघालेला तो काळा माणूस कोण?

तुम्हीच. चौथ्या लेव्हलमध्ये बाहेरचा दरवाजा उघडला की वाटेत आरसा उभा राहतो. पळत येऊन त्यातून उडी मारावी लागते, हळू जाऊन भागत नाही. (इतका वेळ ‘हळू चला’ सांगतोय, हा एक अपवाद.) आरपार जाता, आयुष्याचा एकच त्रिकोण उरतो आणि दुसऱ्या बाजूनं तुमची सावली निघून पळते. पाचव्या लेव्हलमध्ये ती तुमच्या नाकासमोर मोठी बाटली पिऊन टाकते. सहाव्यात ऐन उडीच्या वेळी दरवाजा पाडते आणि तुम्ही खाली जाता. शिव्या देऊ नका, सातव्या लेव्हलला जायची वाटच ती आहे.

ही सावली गरिबीतून जन्मली. ॲपल टूच्या १२८ केबी मेमरीत प्रिन्सच्या हालचालींनीच सगळी जागा खाल्ली होती, शत्रू काढायला जागा उरली नव्हती. मेकनरची सहकारी टोमी पियर्स मात्र त्याच्या मागं लागली होती की लढाईशिवाय यात दम नाही. मग त्यानं प्रिन्सचीच चित्रं घेतली, किंचित सरकवून स्वतःवरच उलटी लावली आणि त्यातून चमचमणारी काळी आकृती निघाली. नवीन चित्रांचा खर्च शून्य. शिपाई नंतर आले, जागा वाचवून वाचवून. एका फ्रॉकचं कापड उरलं त्यात भावाचा शर्ट शिवणाऱ्या आया मी पाहिल्यात, त्यामुळं मला ही युक्ती फार जवळची वाटते.

बाराव्या लेव्हलमध्ये सावलीला मारलं की मीच मरतो!

साहजिक आहे. खालचा बाण. तलवार म्यान करा. तीही करते. मग सरळ तिच्या अंगावर चालत जा, दोघं एक होता. त्यानंतर समोर नुसती पोकळी दिसेल. तिथं पळा. पावलाखाली फरशी उमटत जाते.

आठव्या लेव्हलमध्ये जाळीआड अडकलो. गेम खराब आहे का?

काहीही दाबू नका, उभे राहा. शहजादीनं पाठवलेला उंदीर येतो आणि जाळी उघडायच्या कळीवर पाय देतो. २००५ साली आमच्यातला एकही जण तिथं एवढा वेळ उभा राहिला नव्हता.

चिटकोड?

डॉसच्या पहिल्या आवृत्तीत गेम चालू करतानाच ‘प्रिन्स’ आणि पुढं एक जागा सोडून ‘मेगाहिट’ असं इंग्रजीत टाइप करायचं. नंतरच्या आवृत्त्यांत ‘मेगाहिट’ऐवजी ‘इम्प्रूव्हड’. कोडाशिवायही शिफ्ट-एलनं चौथ्या लेव्हलपर्यंत उड्या मारता येतात, पण मग घड्याळात १५च मिनिटं उरतात. फुकट काही नाही.

पोरांना आवडेल का? मारामारी फार आहे का?

भाल्यांवर पडलं की रक्त दिसतं, पण ते चार लाल ठिपके. आवडण्याचं म्हणाल तर माझी अकरा वर्षांची भाची पाच मिनिटांत म्हणाली, ‘मामा, हा ऐकतच नाही.’ तिसऱ्या दिवशी काउंटरपलीकडून नुसती तिची बोटं दिसत होती. शिफ्ट, बाण, थांब. शिफ्ट, बाण, थांब. कैचीच्या तालावर ती मान हलवत होती. गिऱ्हाइकाला म्हणाली, ‘काका, जरा थांबा, मला मरायचं नाहीये.’

फुकट उतरवून घेतला तर चालतं का?

जुना झाला म्हणून कोणाचाही झाला, असं कायद्यात नाही. भारतात कॉम्प्युटर प्रोग्रामला साहित्यासारखंच संरक्षण आहे, लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. इथंही साठच! मेकनरनं २०१२मध्ये ॲपल टूचा मूळ सोर्स कोड मात्र सगळ्यांना बघायला ठेवला. त्याच्या वडिलांना घरात जुन्या फ्लॉप्या सापडल्या, त्यातून तो बाहेर काढला गेला. कोडिंग शिकणाऱ्या पोरांनी एकदा उघडून बघावा. समजणार नाही, तरी बघावा.

नवे भाग खेळावेत का?

२०२४चा ‘द लॉस्ट क्राउन’ पुन्हा बाजूनं दिसणारा आहे आणि चांगला आहे. १९९३चा दुसरा भाग मला आवडला नाही, गर्दी फार.

माझ्याकडं जुनी फ्लॉपी आहे, त्यातून गेम निघेल का?

आणा, बघू. यूएसबीला जोडायचा फ्लॉपी ड्राइव्ह आहे माझ्याकडं. फ्लॉपी उन्हात ठेवू नका, लोखंडी कपाटाच्या दाराला चुंबकानं चिकटवू नका (हे एकानं केलंय), आणि बुरशी दिसली तर स्वतः पुसू नका. दहातल्या दोन-तीन वाचतात. गेल्या महिन्यात एकीवर निळ्या शाईनं लिहिलेलं होतं, ‘प्रिन्स. दाद्याची. हात लावू नये.’ वाचली नाही. दाद्या स्वतः घेऊन आला होता, डोक्यावर टक्कल, गाडीत दोन पोरं. म्हणाला, ‘कव्हर तरी परत द्या.’

सकाळी अकराच्या आत आणा. अकराला लाइट जाते, आणि फ्लॉपीचा ड्राइव्ह इन्व्हर्टरवर नीट वाचत नाही.